विसाव्याचा दिवस आणि न थांबणारे घड्याळ

आठवड्यातून एक दिवस माणसाने काम थांबवावे अशी आज्ञा ज्या धर्मपरंपरेने दिली, त्या परंपरेला तिच्या पाठोपाठ आणखी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागला: माणूस थांबला तरी त्याने आधी सुरू करून ठेवलेले साधन चालत राहिले, तर त्या दिवसाचा विसावा भंगतो काय? यहुदी धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार प्रथम रंगाची भांडी, मासे धरण्याची जाळी आणि तेलाचे घाणे यांच्या संदर्भात केला, पुढे पाणचक्की आणि भिंतीवरचे घड्याळ यांच्या संदर्भात केला, आणि आज तोच प्रश्न मनगटावरच्या ऑटोमॅटिक घड्याळापर्यंत व त्याला चावी देत राहणाऱ्या वाइंडर नावाच्या छोट्या पेटीपर्यंत येऊन पोहोचला आहे. वस्तू क्षुल्लक वाटली तरी प्रश्न क्षुल्लक नाही, कारण माणसाची कृती कोठे संपते आणि वस्तूचा स्वतःचा व्यापार कोठे सुरू होतो, ही सीमारेषा अशा लहान वस्तूंवरच सर्वांत स्पष्ट दिसते. प्रस्तुत निबंधात शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी सुरू होऊन शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत चालणाऱ्या सुमारे 25 तासांच्या विसाव्याच्या दिवशी, असा वाइंडर वापरावा काय आणि वापरायचा तर कसा, याचा विचार केला आहे.

प्रथम यंत्राची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण धर्मशास्त्राचा निर्णय यंत्राच्या नावावर नव्हे, तर त्यात प्रत्यक्ष काय घडते यावर अवलंबून असतो. चावीच्या घड्याळात एका लहान डबीत गुंडाळलेली पोलादी पट्टी, म्हणजे मुख्य स्प्रिंग, सैल होत जाताना चाकांना गती देते. ऑटोमॅटिक घड्याळात हीच स्प्रिंग बोटांनी न आवळता रोटर नावाच्या अर्धवर्तुळाकार, कडेला जड असलेल्या धातूच्या पात्याने आवळली जाते, कारण हात हलला की ते पाते आपल्या वजनाने आसाभोवती फिरते आणि दंतचक्रांच्या मार्फत स्प्रिंगला पीळ देते. स्वतःच चावी भरून घेणाऱ्या खिशातल्या घड्याळाचे श्रेय सामान्यतः स्वित्झर्लंडमधील ल लॉक्ल येथील अब्राहम-लुई पेरले यांना देतात आणि तो काळ 1777च्या सुमाराचा मानतात, जरी लिएजच्या ह्युबर्ट सार्तों यांचाही त्यावर दावा सांगितला जातो. मनगटी घड्याळात ही युक्ती व्यवहारात आणली ती इंग्रज घड्याळजी जॉन हारवुड यांनी 1920च्या दशकात, आणि पूर्ण वर्तुळात फिरणारा रोटर रोलेक्सने 1931 मध्ये बाजारात आणल्यावर ती सर्वत्र रूढ झाली. स्प्रिंग पूर्ण आवळली गेल्यावर तिचे बाहेरचे टोक डबीच्या भिंतीवरून घसरते, त्यामुळे ऑटोमॅटिक घड्याळाला जास्त चावी बसून ते बिघडण्याचा संभव राहत नाही. मात्र हातातून काढून ठेवलेले घड्याळ साठलेल्या पिळावर चालते, तेवढेच चालते. बहुतेक जुन्या व मध्यम प्रतीच्या यंत्रांत हा साठा सुमारे 40 तासांचा असतो, तर अलीकडच्या काही यंत्रांत तो 70 ते 80 तासांपर्यंत नेलेला आहे.

वाइंडर ही या मर्यादेवरची तोड आहे. विजेच्या किंवा बॅटरीच्या छोट्या मोटरवर फिरणाऱ्या गादीभोवती घड्याळ बसवले की गादीच्या फेऱ्यांबरोबर घड्याळ फिरते, जड रोटर खालीच राहू पाहतो, आणि मनगटाच्या हालचालीने जे घडले असते तेच पेटीत घडते. पुष्कळ घड्याळांना दिवसाला साधारण 650 ते 800 फेऱ्या पुरतात, म्हणून चांगला वाइंडर सतत न फिरता काही मिनिटे फिरतो व नंतर बराच वेळ थांबतो. काही रोटर दोन्ही दिशांना फिरताना चावी देतात तर काही एकाच दिशेला, म्हणून फिरण्याची दिशाही निवडावी लागते. यांत्रिक दृष्टीने पाहता साध्या घड्याळाला वाइंडरची निकड नसते, कारण थांबलेले घड्याळ किल्लीने चावी देऊन आणि काटे जुळवून एका मिनिटात चालू होते. ज्या घड्याळात तारीख, महिना, लीप वर्ष व चंद्रकला यांचे गुंतागुंतीचे पंचांग असते आणि ते पुन्हा जुळवणे जिकिरीचे असते, तेथे मात्र वाइंडर खरोखर उपयोगी पडतो. शब्बाथ पाळणाऱ्या घरात या हिशेबात एक नवी बाब येते: त्या दिवशी थांबलेले घड्याळ एका मिनिटात चालू करण्याची मुभाच नसते.

ही मुभा का नसते, हे समजण्यासाठी शब्बाथच्या निषेधांचे स्वरूप पाहिले पाहिजे. मिश्ना या इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस व तिसऱ्याच्या आरंभी संकलित झालेल्या विधिसंहितेत शब्बाथच्या दिवशी वर्ज्य असलेल्या कामांचे 39 मूळ प्रकार दिले आहेत: नांगरणे, पेरणे, दळणे, विणणे, लिहिणे, बांधणे, अग्नी पेटवणे इत्यादी. या यादीची कसोटी श्रमाची नाही. जड खाट घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणे वर्ज्य नाही आणि दोन अक्षरे लिहिणे मात्र वर्ज्य आहे, कारण येथे घामापेक्षा निर्मितीला महत्त्व आहे. ज्या कृतीने माणूस जगात हेतुपूर्वक काही नवे घडवतो, ती कृती त्या दिवशी बाजूला ठेवायची असते. याच यादीत कारागिराने वस्तूवर घातलेला हातोड्याचा अखेरचा घाव असा एक प्रकार आहे. अर्धवट वस्तूला जो शेवटचा हात वापरण्याजोगी करतो, तो कितीही हलका असला तरी निर्मिती पूर्ण करतो, असा त्यामागचा विचार आहे, आणि निकामी झालेली वस्तू पुन्हा कामाची करणे, म्हणजे दुरुस्ती, हीदेखील त्याच प्रकारात गणली जाते.

विल्ना येथील रब्बी अव्राहम डान्झिग (1748–1820) यांनी थांबलेल्या घड्याळाला शब्बाथच्या दिवशी चावी देणे याच प्रकारात घातले. त्यामागचा तर्क असा की थांबलेले घड्याळ घड्याळाचे काम करीत नाही, चावी दिल्याने ते पुन्हा घड्याळ होते, म्हणून ती चावी हा कारागिराचा अखेरचा घाव ठरतो. घड्याळ अजून चालू असताना दिलेल्या चावीविषयी पुढच्या ग्रंथकारांत मतभेद राहिले, कारण चालू वस्तूची दुरुस्ती कशी होणार, हा प्रश्न रास्त होता. तरीही जाणूनबुजून किल्ली फिरवून पुढच्या तासांची तजवीज करणे ही कृती शब्बाथच्या वृत्तीशी विसंगत मानून रूढी निषेधाकडे झुकली. या मतभेदातून एक भेद मात्र पक्का झाला: थांबलेले घड्याळ सुरू करणे आणि चालू घड्याळ चालू ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऑटोमॅटिक घड्याळ आले तेव्हा या भेदाची कसोटी लागली, कारण ते घालून चालणारा माणूस प्रत्येक पावलागणिक त्याला चावी देत असतो, आणि तरीही तो चावी देण्यासाठी चालत नसतो. अशा प्रसंगी धर्मशास्त्रातील हेतूचा सिद्धान्त लागू होतो. तालमूद, म्हणजे मिश्नेवरील विस्तृत चर्चेचा ग्रंथ, रब्बी शिमोन यांचे मत नोंदवतो की शब्बाथच्या दिवशी बाक, खुर्ची किंवा खाट जमिनीवरून ओढून नेण्यास हरकत नाही, जरी तिच्या पायाने मातीत चर पडण्याचा संभव असला. कारण ओढणाऱ्याला बाक हलवायचा असतो, जमीन नांगरायची नसते, आणि चर पडेलच असेही नसते. मात्र परिणाम अटळ असेल तर केवळ हेतू नव्हता म्हणून सुटका होत नाही, ही त्या सिद्धान्ताची दुसरी बाजू आहे. ऑटोमॅटिक घड्याळाच्या बाबतीत हात हलला की रोटर फिरणे जवळजवळ अटळ असते, शिवाय तो परिणाम घालणाऱ्याला हवाही असतो. म्हणून हेतूच्या सिद्धान्ताचा पहिला अर्धा भाग एकट्याने येथे पुरा पडत नाही.

आधुनिक निर्णयकारांपैकी बहुतेकांनी चालू असलेले ऑटोमॅटिक घड्याळ शब्बाथच्या दिवशी घालण्यास जी परवानगी दिली, ती म्हणून अधिक खोल आधारावर उभी आहे. घड्याळ चालू असेपर्यंत त्यात दुरुस्त करण्याजोगे काही नसते. घालणाऱ्याच्या हालचालीने ते जसे होते तसेच राहते, त्याला नवी अवस्था प्राप्त होत नाही. आणि मनगटावर घालणे हाच त्या वस्तूचा रोजचा वापर असल्याने त्या वापराला कोणी कारागिरी म्हणत नाही. थांबलेले घड्याळ मात्र चालू व्हावे म्हणून मनगटावर चढवणे किंवा हलवणे वर्ज्य मानले जाते, कारण तेथे हालचालीने निकामी वस्तू पुन्हा कामाची होते. म्हणजे ज्या हाताने शनिवारी सकाळी सात वाजता चालू घड्याळ निःशंक घालावे, त्याच हाताने तेच घड्याळ रात्रीतून थांबलेले आढळल्यास ते सुरू करण्यासाठी उचलू नये. वाइंडरचा प्रश्न नेमका या फटीत उभा राहतो: घड्याळ थांबूच नये अशी तजवीज आधी करून ठेवता येईल काय?

येथे चर्चा घड्याळापासून दूर, पहिल्या शतकाच्या आसपासच्या दोन विद्यापरंपरांपर्यंत मागे जाते. बेथ शम्मई आणि बेथ हिल्लेल, म्हणजे शम्मई आणि हिल्लेल या दोन आचार्यांची घराणी, यांच्यात असा वाद होता की शुक्रवारी सुरू केलेले काम शब्बाथमध्ये आपोआप पुढे चालू द्यावे काय. शाई, रंगाचे द्रव्य किंवा गुरांचा दाणा भिजत घालायचा तर तो शुक्रवारच्या उजेडातच भिजून झाला पाहिजे, जाळी लावायची तर सावजही उजेडातच सापडले पाहिजे, असे शम्मईंचे घराणे म्हणे. हिल्लेलांचे घराणे सूर्यास्तापूर्वी काम सुरू करून देण्यास आणि पुढचे ते आपसूक होऊ देण्यास परवानगी देई. तालमूदने या वादाच्या मुळाशी असलेले तत्त्व उघड केले: एका बाजूला साधनांनाही विसावा दिला पाहिजे अशी धारणा होती, तर दुसऱ्या बाजूला आज्ञा माणसाला आहे, साधनाला नाही, अशी धारणा होती. परंपरेने हिल्लेलांच्या घराण्याचे मत प्रमाण मानले.

या निर्णयाचे महत्त्व शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ पाळणाऱ्या प्रत्येक यहुदी घरात दिसते. शब्बाथच्या दिवशी अग्नी पेटवू नये ही आज्ञा बायबलमधील निर्गम या ग्रंथात आहे. तिचा अर्थ आधी पेटवलेला दिवाही त्या दिवशी जळता ठेवू नये असा कराइत पंथाने केला, आणि म्हणून मध्ययुगात त्यांची घरे त्या रात्री अंधारात असत, तर रब्बींच्या परंपरेने सूर्यास्तापूर्वी लावलेला दिवा रात्रभर तेवू देणे केवळ मान्यच केले नाही, तर त्या दिव्यालाच शब्बाथच्या स्वागताचे चिन्ह बनवले. ज्या तर्काने दिवा तेवत राहतो त्याच तर्काने घड्याळही चालत राहते, आणि धर्मशास्त्राच्या मध्यवर्ती ग्रंथांत तसा स्पष्ट उल्लेख आहे. योसेफ कारो यांच्या 1565 मध्ये व्हेनिसला प्रथम छापल्या गेलेल्या शुल्हान आरूख या विधिग्रंथात वजनांवर चालणारे व ठोके देणारे घड्याळ शुक्रवारी दिवसाउजेडी लावून ठेवावयास परवानगी आहे. क्राकोचे रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी आपल्या टिपांत पाणचक्कीबाबत सावधगिरी सांगितली, कारण तिचा आवाज ऐकून लोकांना तेथे शब्बाथमध्येच काम चालले आहे असे वाटेल. पण घड्याळाला त्यांनी मोकळीक दिली, कारण घड्याळ आदल्या दिवशी लावून ठेवण्याची रीत सर्वांना ठाऊक असते.

शम्मई व हिल्लेल यांच्या घराण्यांचा वाद नोंदवणाऱ्या मिश्नेतच तेल गाळण्याच्या घाण्याचाही उल्लेख आहे. रगडलेल्या जैतुनावर घाण्याची जड तुळई सूर्यास्तापूर्वी चढवून ठेवावी आणि तेल रात्रभर निथळू द्यावे, याला दोन्ही घराण्यांची संमती होती, कारण रगडण्याचे खरे काम आधीच होऊन गेलेले असते व तुळईचा भार केवळ निथळण्याला साहाय्य करतो. या उल्लेखाचा महाराष्ट्राशी एक खरा आणि बोलका संबंध आहे. कोकणच्या किनाऱ्यावर, आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांमध्ये शतकानुशतके राहिलेले बेने इस्राएल हे यहुदी लोक तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. भूमध्य समुद्राकाठच्या जैतुनाच्या घाण्यात उचललेल्या तुळईच्या भाराने साठवलेली शक्ती माणूस झोपला तरी काम करीत राहते. कोकणातल्या लाकडी घाण्याला अशी साठवण नसते, त्याला बैलाने फिरत राहावेच लागते, आणि बैलाला विसावा देण्याची आज्ञा तर निर्गम आणि अनुवाद या दोन्ही ग्रंथांत मालकाच्या विसाव्याच्या बरोबरीने दिलेली आहे. म्हणून एक घाणा चालू राहू शकतो आणि दुसरा थांबतो; दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच असते, बदलतो तो शक्तीचा स्रोत.

या उदाहरणांतून जो क्रम हाती येतो तो असा: माणसाने थांबावे, जनावराला थांबू द्यावे, आणि निर्जीव साधनाला थांबवण्याची सक्ती नाही. जनावर थकते, त्याला वेदना होते, म्हणून त्याचा विसावा हा त्याच्यावरील दयेचा भाग आहे. स्प्रिंग थकत नाही, मोटरला रविवार आणि शनिवार यांतला फरक कळत नाही, म्हणून तिला विसावा देण्याने कोणाचेच भले होत नाही. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी सुरू केलेला वाइंडर हा वजनांच्या घड्याळाचाच वंशज आहे, आणि त्यात ठेवलेले घड्याळ रात्रभर चावी भरून घेत राहिले तर त्या क्रियेचा कर्ता शुक्रवारचा माणूस असतो, शब्बाथचा नव्हे. म्हणून वाइंडर वापरावा काय, या प्रश्नाचे तत्त्वतः उत्तर होकारार्थीच द्यावे लागते.

तथापि वाइंडर विजेवर चालतो आणि त्यातून घड्याळ काढावे लागते, म्हणून कसा वापरावा या प्रश्नाला अधिक बारकाईची गरज आहे. सनातनी परंपरेत शब्बाथच्या दिवशी विजेचे उपकरण चालू-बंद करणे वर्ज्य आहे. पुष्कळ वाइंडरांचे झाकण उघडताच मोटर थांबते आणि ते मिटताच पुन्हा सुरू होते, तर काहींत झाकणाबरोबर आतला दिवा लागतो. शनिवारी सकाळी अशी पेटी उघडणारा माणूस घड्याळ काढण्याच्या निमित्ताने विजेचे बटणच दाबतो, आणि येथे परिणाम अटळ असल्याने हेतूचा आधारही उरत नाही. म्हणून अशी पेटी वापरायची असेल तर शुक्रवारी झाकण उघडे ठेवूनही मोटर फिरते काय ते पाहावे, झाकणाचा दिवा बंद करावा, किंवा झाकणाला बटण नसलेली साधी पेटी घ्यावी. चालू वाइंडर स्वतः हलवू नये, कारण ज्या उपकरणाचे काम त्या दिवशी वर्ज्य आहे ते विनाकारण हाताळणेही सामान्यतः टाळले जाते. सर्वांत निर्दोष रीत अशी की घड्याळ शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच वाइंडरमधून काढून मनगटावर घालावे किंवा उशाशी ठेवावे. पूर्ण भरलेली चावी मग शब्बाथच्या 25 तासांना सहज पुरते.

या हिशेबातूनच हेही दिसते की एका शब्बाथपुरती वाइंडरची गरज फारशी नसते. 40 तासांचा साठा असलेले घड्याळ शुक्रवारी संध्याकाळी किल्लीने पूर्ण भरले तर ते रविवारी सकाळपर्यंत चालेल, मग ते शनिवारी क्षणभरही मनगटावर नसले तरी हरकत नाही. खरी अडचण येते ती सलग सणांच्या वेळी. रोश हशाना, म्हणजे यहुदी नववर्ष, इस्राएलमध्येही दोन दिवस पाळतात आणि पंचांगाच्या नियमांनुसार त्याचा आरंभ गुरुवारी होऊ शकतो. तसे झाले तर गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार असे तीन दिवस एकापाठोपाठ येतात व बुधवारच्या संध्याकाळपासून सुमारे 73 तास घड्याळाला चावी देण्याची सोय राहत नाही. रोज मनगटावर असणारे घड्याळ या काळातही आपसूक चालेल, पण केवळ सणासाठी राखून ठेवलेले, अधूनमधून काढून ठेवले जाणारे घड्याळ तिसऱ्या दिवशी थांबण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी आधीपासून फिरत असलेला वाइंडर ही सोय नव्हे तर शहाणपणाची तजवीज ठरते.

घड्याळ थांबण्याला एक वेगळाही धार्मिक परिणाम आहे. शब्बाथच्या दिवशी घरातून सार्वजनिक रस्त्यावर ओझे नेणे वर्ज्य आहे. अंगावरचा पोशाख व अलंकार यांना ओझे म्हणत नाहीत. मनगटी घड्याळ अलंकार आहे की उपकरण, यावर मतभेद आहेत, आणि सोन्याचे, शोभेसाठी घातलेले घड्याळ बहुतेकांना अलंकार वाटते. पण ज्याची किंमत केवळ वेळ दाखवण्यात आहे असे साधे घड्याळ थांबले की ते काहीच करीत नाही, आणि जे काहीच करीत नाही ते मनगटावर बांधून रस्त्याने नेणे ओझ्याच्या जवळ जाते. म्हणून जेथे वस्तीभोवती एरूव, म्हणजे सामायिक आवार निर्माण करणारी प्रतीकात्मक सीमा, आखलेली नाही, तेथे घड्याळ थांबू न देण्याची काळजी घेणे हा हौसेचा भाग राहत नाही, तो विधिपालनाचा भाग बनतो.

मात्र जे परवानगीयोग्य आहे ते सर्व इष्ट असते असे नाही, आणि हा आक्षेप परंपरेच्या आतूनच आलेला आहे. अमेरिकेतील थोर निर्णयकार रब्बी मोशे फाइनस्टाइन (1895–1986) यांनी विजेची उपकरणे ठरल्या वेळी चालू-बंद करणाऱ्या टायमरच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या. दिव्यांसाठी त्यांनी सवलत मान्य केली, पण सर्व कामे टायमरवर सोपवण्यास विरोध केला, कारण शुक्रवारी लावून ठेवलेल्या यंत्रांनी शनिवारी आठवड्याचा सगळा व्यवहार चालवला, तर निषेधाचे अक्षर शाबूत राहून दिवसाची प्रतिष्ठा नष्ट होईल. वाइंडर हा त्या मानाने अत्यंत निरुपद्रवी आहे. तो स्वयंपाक करीत नाही, उद्योग चालवीत नाही, कोणाचे लक्ष वेधीत नाही. तरीही आक्षेपाचा गाभा त्यालाही लागू होतो: विसाव्याचा दिवस आणि त्याची तयारी यांतून माणसाचा हात हळूहळू काढून घेतला गेला, तर त्या दिवसात शिल्लक काय राहते?

हाच प्रश्न एका निराळ्या पातळीवर 1715–16 मध्ये तत्त्वज्ञ लाइबनिट्स आणि सॅम्युएल क्लार्क यांच्या पत्रव्यवहारात आला होता. न्यूटनच्या मताप्रमाणे ईश्वराला आपल्या विश्वरूपी घड्याळाला अधूनमधून चावी द्यावी लागते, असा लाइबनिट्सचा आक्षेप होता. परिपूर्ण कारागिराचे घड्याळ एकदा लावले की कायम अचूक चालले पाहिजे, असे त्याला वाटे. न्यूटनच्या बाजूने उत्तर देताना क्लार्कने म्हटले की ज्या राज्यात राजाच्या लक्षावाचून सर्व काही चालते, ते राज्य केवळ नावापुरते त्याचे राहते. त्या वादात कोण बरोबर होते हे ठरवणे येथे अगत्याचे नाही. परंतु दोन्ही पक्षांना मान्य असलेली एक गोष्ट मोलाची आहे, ती अशी की वस्तूकडे पुन्हा पुन्हा वळण्याची गरज आणि त्या वस्तूशी असलेले नाते यांचा घनिष्ठ संबंध आहे. लाइबनिट्सला ही गरज कर्त्याच्या उणिवेची खूण वाटली, तर क्लार्कला ती कर्त्याच्या सान्निध्याची खूण वाटली.

शब्बाथच्या परंपरेने या बाबतीत आपला कौल स्पष्टपणे दिलेला आहे, आणि तो तयारीच्या बाजूने आहे. तालमूदमध्ये नामवंत विद्वानांनी शुक्रवारी आपल्या हातांनी केलेल्या कामांची नोंद आहे: रब साफ्रा जनावराचे मुंडके स्वतः भाजून घेत, रबा मासा मिठात मुरवीत, रब पापा दिव्याच्या वाती वळीत, रब हिस्दा भाजी चिरीत. या घरांत नोकर नव्हते म्हणून त्यांनी ही कामे केली असे नाही. ज्या पाहुण्याचा मान राखायचा त्याच्यासाठी काहीतरी स्वतः केले पाहिजे, या भावनेने त्यांनी ती केली. विसाव्याचा दिवस माणसाच्या हातून काम काढून घेतो, म्हणून त्याच्या आदल्या दिवसाने ते काम माणसाच्या हाती द्यावे, अशी ही जोडणी आहे. तयारी नसलेला विसावा केवळ रिकामपण होतो, कारण ज्याने काही हाती घेतले नव्हते त्याला खाली ठेवण्यासारखेही काही नसते.

या दृष्टीने पाहता वाइंडरविषयीचा निर्णय दोन भागांत सांगता येतो. विधीच्या पातळीवर त्याचा वापर निर्दोष आहे, कारण आज्ञा माणसाला आहे आणि यंत्राची गती शुक्रवारच्या कृतीचे फळ आहे. झाकण, दिवा आणि घड्याळ काढण्याची वेळ यांची काळजी घेतली की कोणताही निषेध मोडत नाही, आणि तीन दिवसांच्या सणात तर तो वापरणेच हिताचे आहे. भक्तीच्या पातळीवर मात्र एरवीच्या शुक्रवारी वाइंडर बंद ठेवून घड्याळाला किल्लीने चावी देणे अधिक योग्य आहे. शब्बाथसाठी राखलेले घड्याळ आठवडाभर थांबलेले असले तर त्यात त्या घड्याळाचे काही नुकसान नाही. उलट शुक्रवारी दुपारी ते हातात घेऊन, किल्लीच्या तीस-चाळीस फेऱ्या देऊन, काटे जुळवून ठेवणे, हे वाती वळण्याच्या कामाचेच आजचे रूप होऊ शकते. वाइंडरने वाचवलेले मिनिट हे नेमके ते मिनिट असते, ज्यात माणूस येणाऱ्या दिवसाचा विचार करतो.

यंत्रांविषयी भय बाळगणारा धर्म आणि यंत्रांना सर्व काही सोपवणारा धर्म, या दोन्ही टोकांपासून ही परंपरा दूर राहिली, हे तिचे मोठेपण आहे. साधनांना विसावा देण्याची सक्ती नाकारून तिने घरात दिवा तेवता ठेवला आणि भिंतीवरचे घड्याळ चालते ठेवले. जनावराला विसाव्याचा हक्क देऊन तिने मुक्या श्रमाची दखल घेतली. आणि तयारीचे काम माणसाकडेच ठेवून तिने विसाव्याला अर्थ दिला. ज्या काळात घरातली बहुतेक कामे आधी लावून ठेवलेली यंत्रे करतात, त्या काळात शब्बाथ न पाळणाऱ्यांनाही या विवेकाचा उपयोग आहे. एखादे काम यंत्रावर सोपवता येते काय हे पाहताना त्या कामाने कोणत्या गोष्टीची तयारी होत होती हेही पाहावे, आणि ती गोष्ट प्रिय असेल तर ते काम आपल्याच हाती ठेवावे.